अदृश्यांची संगत

सप्टेंबर १९८२ मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंझ शहरात ‘आर्स इलेक्ट्रॉनिका’ महोत्सव भरला होता. त्यात रॉबर्ट एड्रियन या कलावंताने चोवीस तासांचा एक उपक्रम योजला. २७ तारखेच्या दुपारी बाराला सुरुवात करायची आणि पृथ्वीभोवती फिरणाऱ्या माध्यान्हाच्या मागोमाग जायचे. ज्या शहरात दुपार होईल तिथल्या कलावंतांशी टेलिफोनच्या तारेवरून चित्रे, मजकूर आणि आवाज यांची देवाणघेवाण करायची. वर्ल्ड वाइड वेब यायला अजून काही वर्षे होती. फॅक्स, एकेक चित्र सावकाश पाठवणारा टेलिव्हिजन आणि दूरच्या मोठ्या संगणकाला जोडलेली टर्मिनल, एवढ्यावर सारा कारभार चालला होता.

याच उपक्रमात ब्रिटिश कलावंत रॉय ॲस्कॉट यांनी ‘टेन विंग्ज’ हा प्रयोग केला. ‘ई चिंग’ हा कौल लावण्याचा चिनी ग्रंथ फार जुना आहे. मनात प्रश्न धरून नाणी सहा वेळा टाकायची, प्रत्येक वेळी पडलेल्या दानावरून एक अखंड किंवा तुटक रेघ काढायची आणि सहा रेघांची जी आकृती तयार होईल तिचा अर्थ ग्रंथात पाहायचा, अशी त्याची रीत. अशा चौसष्ट आकृत्या आहेत. ॲस्कॉट यांनी हा कौल वेगवेगळ्या शहरांत बसलेल्या माणसांकडून मिळून लावून घेतला. पुढे त्यांनी लिहिलेल्या आठवणीप्रमाणे उत्तर आठव्या आकृतीच्या जवळ आले. ती आकृती एकत्र येण्याची, मिलनाची. मात्र तळाची रेघ डळमळीत होती, आणि ती बदलली की हाती येत होती तिसरी आकृती, आरंभीच्या अडचणीची. संगणकांच्या जाळ्यावरच्या कलेला ही अडचणीची आकृती लागू पडली, असे ॲस्कॉट यांचे मत होते. आज मागे वळून पाहताना मलाही तसेच वाटते.

या पुस्तकाचा विषय त्या प्रयोगात बीजरूपाने सगळा आहे. एकमेकांना न दिसणारी, एकमेकांपासून हजारो मैलांवर असलेली माणसे. त्यांना जोडणारे जाळे. आणि त्या सगळ्यांनी मिळून हाताळायचे एक जुने धार्मिक साधन. पुढच्या चार दशकांत या तीन गोष्टी पुन्हा पुन्हा एकत्र आल्या. कधी साधन होते कौल, कधी बाग, कधी आत्म्यांना बोलावण्याचा पाट, कधी पूजास्थानात नेऊन आणलेली तार, कधी माणसाच्या चेहऱ्याचे हरिण. या सगळ्या कलाकृतींचे एक लक्षण समान आहे. समोर बसून नुसती पाहिली तर त्यांतली एकही पूर्ण होत नाही. कोणीतरी हात लावावा लागतो, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या कोणीतरी त्याच वेळी दुसरीकडून हात लावलेला असावा लागतो.

इथेच एक सीमा आखून घेतलेली बरी. देवादिकांची चित्रे संगणकावर काढली, आरत्यांचे ॲप तयार केले किंवा देवळातला गाभारा कॅमेऱ्याने घरोघरी दाखवला, तर तेवढ्याने ही कला होत नाही. त्या गोष्टींना आपापली जागा आहे आणि त्यांतून मिळणारे समाधानही खरे आहे. पण तिथे जाळे केवळ वाहतुकीचे काम करते. आपण ज्या कलेविषयी बोलणार आहोत तिच्यात जाळ्यावर असणे, अनेकांनी एकाच वेळी असणे, हाच कलेचा कच्चा माल आहे. चित्रकाराला जसा रंग, तशी या कलावंताला माणसांची उपस्थिती.

उपस्थिती हा माल हाताळायला कठीण. ती दिसत नाही. पडद्यापाशी बसलेल्या माणसाला पलीकडे कोणी आहे हे पटणार कसे? आहे म्हटले तर ते माणूस आहे की यंत्र? आणि माझ्या तिथे असण्याने त्याला काही फरक पडतो का? अदृश्याशी नाते जोडण्याचा हा प्रश्न कलावंतांना नवा होता, धर्मांना नव्हता. दिसत नाही त्याच्याशी बोलायचे कसे, अनेकांचे मन एका ठिकाणी आणायचे कसे, परक्याला आपले मानायचे कसे, यांवर जगभरच्या धर्मांनी हजारो वर्षे कष्ट घेतले आहेत. त्या कष्टांतून तयार झालेली साधने म्हणजे दिवा, कौल, मूर्ती, मुखवटा, यात्रा, मौन. कलावंतांनी ही साधने उचलली ती शोभेसाठी नव्हे. ती काम देतात म्हणून उचलली. या प्रस्तावनेत मला प्रामुख्याने हेच सांगायचे आहे.

केन गोल्डबर्ग हे पेशाने रोबोशास्त्राचे प्राध्यापक आणि वृत्तीने कलावंत. १९९५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात ‘टेलिगार्डन’ उभी केली. एक गोल वाफा, त्याच्या मध्यभागी कारखान्यात वापरतात तसला यांत्रिक हात, त्या हाताला कॅमेरा आणि पाण्याची नळी. जगातल्या कुठल्याही संगणकावरून सभासद हा हात फिरवू शकत, रोपे पाहू शकत, त्यांना पाणी घालू शकत. बागेत पुरेसा वावर केलेल्या सभासदाला स्वतःचे बी पेरता येई. पहिल्या वर्षातच सुमारे ९,००० सभासदांनी या बागेची निगा राखली. १९९६ मध्ये ती लिंझच्या ‘आर्स इलेक्ट्रॉनिका’ केंद्रात हलवली गेली आणि २००४ पर्यंत तिथे नांदली.

या बागेत एक गोष्ट घडत असे, ती मला फार मोलाची वाटते. कोणी गावाला जाणार असले की इतर सभासदांना विनंती करी, माझ्या रोपाला तेवढे पाणी घाला. ज्या रोपाला कधी हात लावलेला नाही, त्याची काळजी ज्या माणसाला कधी पाहिलेले नाही त्याच्यावर सोपवायची! गोल्डबर्ग यांना यातला तत्त्वज्ञानाचा प्रश्न छळत होता. पडद्यावर दिसणारी बाग खरोखरच कुठेतरी आहे, की कोणीतरी जुने फोटो दाखवून फसवत आहे, हे दूर बसलेल्याने ओळखायचे कसे? या प्रश्नावरच्या लेखांचा ‘द रोबॉट इन द गार्डन’ हा संग्रह त्यांनी २००० मध्ये संपादित केला. सभासदांनी मात्र प्रश्न सुटण्याची वाट पाहिली नाही. ते पाणी घालत राहिले. श्रद्धा म्हणजे केवळ मानणे नव्हे, रोजचे करणे आहे, ही गोष्ट त्या वाफ्याने कुठलाही उपदेश न करता दाखवली.

गोल्डबर्ग यांची ‘वीजा २०००’ ही कलाकृती अधिक टोकदार आहे. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने आपल्या द्वैवार्षिक प्रदर्शनात इंटरनेटवरच्या कलेला प्रथमच स्थान दिले ते २००० मध्ये, आणि तिथे ही कलाकृती होती. आपल्याकडे प्लँचेट म्हटले की अक्षरे मांडलेला पाट आणि त्यावर सरकणारी वाटी डोळ्यांपुढे येते. बोटे सगळ्यांची, पण वाटी सरकवली कोणी हे सांगता येत नाही. अमेरिकेत या खेळाचा ‘वीजा’ नावाचा छापील पाट १८९१ पासून पेटंट घेऊन विकला गेला. गोल्डबर्ग यांनी असा एक खरा पाट घेतला, त्यावरची सरकती पट्टी यांत्रिक हाताला जोडली आणि त्या हाताचा ताबा जाळ्यावरच्या अनेकांना एकदम दिला. प्रत्येकाने आपापल्या घरी माउस हलवायचा. संगणक सगळ्यांच्या हालचालींची सरासरी काढणार आणि पट्टी त्या सरासरीच्या दिशेने सरकणार.

या रचनेतली खुबी नीट पाहिली पाहिजे. आत्मे टेबल हलवतात असा बोलबाला युरोपात झाला तेव्हा मायकेल फॅरडे यांनी १८५३ मध्ये प्रयोग करून दाखवले होते की टेबल हलवणारे हात बसलेल्यांचेच असतात, फक्त त्यांना ते कळत नाही. गोल्डबर्ग यांनी फॅरडे यांचे म्हणणे लपवले नाही. उलट त्याचेच यंत्र बनवले. इथे भूत नाही, हे प्रत्येक सहभागी माणसाला पक्के ठाऊक. सरासरीचे गणितही उघड आहे. आणि तरीही पट्टी एखाद्या अक्षराकडे सरकू लागली की, ही मी हलवली, असे कोणालाच म्हणता येत नाही. माझा वाटा आहे, पण हालचाल माझी नाही. मग ती कोणाची? उत्तर एकच उरते, सगळ्यांची. आपण जिला जनमत म्हणतो, लाट म्हणतो, हवा म्हणतो, ती अशीच सरकत असते. तिच्यात प्रत्येकाचे बोट असते आणि जबाबदारी कोणाचीच नसते. इंटरनेटने पुढे समाजाचे जे केले त्याची चाहूल या पाटावर आधीच लागली होती.

गोल्डबर्ग यांचे आणखी एक काम इथे नोंदवले पाहिजे. १९९९ मध्ये टोकियोत मांडलेल्या ‘मोरी’ या कलाकृतीत कॅलिफोर्नियातल्या हेवर्ड प्रस्तरभंगावरच्या भूकंपमापकाची नोंद त्या त्या क्षणी जाळ्यावरून येत असे आणि तिचा खोल, कंप पावणारा आवाज होऊन अंधाऱ्या बंदिस्त जागेत घुमत असे. इथे पलीकडे माणूस नाही, पृथ्वीच आहे. नावातल्या लॅटिन शब्दातच मृत्यूची आठवण आहे. जाळ्याच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, या प्रश्नाचे इतके गंभीर उत्तर क्वचितच कोणी दिले असेल.

माणसांचा समूह आवाज बनून समोर येतो तो ‘लिसनिंग पोस्ट’मध्ये. बेल लॅब्जमधले संख्याशास्त्रज्ञ मार्क हॅन्सन आणि ध्वनिकलावंत बेन रुबिन यांनी ती घडवली. २००२ च्या अखेरीस ती व्हिटनीत मांडली गेली आणि २००४ मध्ये तिला ‘आर्स इलेक्ट्रॉनिका’चा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. अकरा आडव्या ओळी आणि एकवीस उभ्या स्तंभांत टांगलेले २३१ छोटे पडदे, आणि जगभरच्या सार्वजनिक गप्पांच्या खोल्यांतून त्या वेळी टंकली जाणारी वाक्ये. काही वाक्ये पडद्यांवर उमटतात, काही यंत्राचा आवाज संथ सुरात उच्चारतो. एका भागात फक्त ‘मी आहे’, ‘मी अमुक आहे’ अशी वाक्ये निवडून सर्वांत लहानापासून लांबत जाणाऱ्या क्रमाने मांडली जातात. आपले वय सांगणारा, आपला देश सांगणारा, एकटेपणा सांगणारा, कोणीही एकमेकांना ओळखत नाही. पण एकामागून एक ही वाक्ये ऐकताना सामूहिक प्रार्थना चालू असल्याचा भास होतो, आणि तो भास खोटा म्हणवत नाही.

आपल्या मुंबईचाही या कथेत मोठा वाटा आहे. शिल्पा गुप्ता यांचा जन्म मुंबईचा, १९७६ चा. शिक्षण सर ज. जी. कला महाविद्यालयात, शिल्पकलेचे. २००३ मध्ये लंडनच्या टेट संस्थेने इंटरनेटवरच्या कलाकृतींसाठी दिलेल्या निमंत्रणावरून त्यांनी ‘ब्लेस्ड बँडविड्थ’ केली. कल्पना साधी आणि जबरदस्त. जाळ्याची केबल हातात घेऊन त्या वेगवेगळ्या धर्मांच्या पूजास्थानांत गेल्या आणि तिच्यासाठी आशीर्वाद घेऊन आल्या. मग संगणकावरून येणाऱ्याने आपला धर्म निवडायचा आणि तारेतून आलेला आशीर्वाद घ्यायचा.

दसऱ्याला कचेरीतल्या संगणकाला झेंडूचा हार घालणाऱ्या आणि हळदकुंकू वाहणाऱ्या महाराष्ट्राला, तारेला आशीर्वाद मिळाला यात वावगे काही वाटणार नाही. यंत्राची पूजा आपण मनापासून करतो. पण शिल्पा गुप्ता यांचे काम तिथे थांबत नाही. आशीर्वाद हवा तर आधी धर्म सांगा, हा त्यातला काटा आहे. तार एक, ती सगळ्या देवांच्या दारी जाऊन आलेली, तिच्यातून वाहणारी वीजही एक. दारावरचा प्रश्न मात्र तोच, तुम्ही कुठले? शाळेच्या दाखल्यापासून घर भाड्याने घेण्यापर्यंत ज्या देशात हा प्रश्न माणसाच्या पुढे पुढे चालतो, त्या देशातल्या कलावंतानेच तो इंटरनेटच्या उंबऱ्यावर मांडावा, हे स्वाभाविक होते. त्या काळी जाळे म्हणजे भेदांच्या पलीकडचा प्रदेश असे सर्रास बोलले जाई. या कामाने त्या भाबडेपणाला वेळीच हटकले. प्रतीके माणसांना जोडतात तशीच ती कुंपणेही घालतात. या कलेविषयी बोलताना हे विसरून चालणार नाही.

आता ज्या कलाकृतीवर माझा सर्वांत जास्त जीव आहे तिच्याकडे येतो. ऑरिया हार्वी अमेरिकन, मिखाएल सामिन बेल्जियन. १९९९ मध्ये कलावंतांच्या एका जाळ्यावरच्या गटात दोघांची भेट झाली आणि त्यांनी एकमेकांना प्रेमपत्रे लिहिली ती वेबपानांच्या रूपात. ‘द गॉडलव्ह म्यूझियम’ या मालिकेत त्यांनी बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांत आपल्या प्रेमाची, देशांतराची आणि भोवतालच्या युद्धकाळाची कथा गुंफली. ‘वायरफायर’ या नावाने ते दर आठवड्याला रात्री थेट प्रयोग करत. दोन संगणक, चित्रे, आवाज, आणि जाळ्यावर जमलेले प्रेक्षक. या सगळ्या कामातून त्यांना एक गोष्ट उमगली असावी, ती अशी की शब्द कमी केले तर सान्निध्य वाढते.

त्यातून २००५ मध्ये आले ‘दि एंडलेस फॉरेस्ट’, अंतहीन रान. लक्झेंबर्गच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्याच्या पहिल्या टप्प्यासाठी त्यांना निमंत्रण दिले होते. हे रान म्हणजे एक स्क्रीनसेव्हर आहे. तुम्ही काम थांबवलेत, संगणक निजला, की तुम्ही या रानात हरिण होऊन प्रकट होता. हरणाचे शरीर प्राण्याचे, चेहरा माणसाचा. तुमच्यासारखीच जगात कुठे कुठे बसलेली माणसे तिथे हरणे होऊन फिरत असतात. कोणाला नाव नाही. शिंगांवर तरंगणारे एक चिन्ह, तेवढीच ओळख. नव्याने आलेला पाडस असतो, मोठा व्हायला त्याला काळ जावा लागतो. जिंकायचे काही नाही, गुण मिळत नाहीत, कोणाला मारता येत नाही. आणि बोलता येत नाही. शब्द टंकण्याची सोयच नाही.

मग तिथे करायचे काय? धावायचे, तळ्याकाठी जायचे, जुन्या ओक वृक्षाखाली बसायचे. थडग्यांमध्ये उभ्या असलेल्या भग्न वास्तूत थांबायचे. दुसरे हरिण दिसले तर मान लववायची. तेही लववते. एखादे हरिण बसले की शेजारी दुसरे येऊन बसते. एखादे नाचू लागले की बाकीची नाचतात. रानात जादू आहे, तिने शिंगांचा आकार बदलतो, अंगावरची नक्षी बदलते, चेहऱ्यावर मुखवटा येतो. पण ही जादू स्वतःवर चालत नाही. ती दुसऱ्यावरच टाकता येते. रूप पालटावे असे वाटत असेल तर दुसऱ्या हरणाजवळ जावे लागते, शब्दाविना त्याला आपली इच्छा समजावावी लागते आणि त्याची मर्जी होईपर्यंत थांबावे लागते. ‘कृपा’ या कल्पनेचे इतके चोख रूप मी संगणकावर दुसरीकडे पाहिलेले नाही. स्वतःच्या बळावर मिळवता येत नाही ते, आणि मिळते ते दुसऱ्याच्या हातून.

या रानात जुळ्या देवांची मूर्ती आहे. ते देव म्हणजे हार्वी आणि सामिन स्वतः. काही खास प्रसंगी, ज्यांना त्यांनी ‘अबायोजेनेसिस’ नाव दिले, ते रानात अवतरत, हवामान पालटवत, आकाशातून वस्तूंचा वर्षाव करत, आणि हरणे गोळा होत. कलावंताने स्वतःला देव म्हणवून घेणे उद्धटपणाचे वाटू शकते. पण इथे ते प्रामाणिक आहे. कारण प्रत्येक ऑनलाइन जगाला त्याचे कर्ते असतात. ते दिवस उगववतात, नियम बदलतात, मनात आले की सारे बंद करतात. मोठ्या कंपन्यांनी चालवलेल्या जगांत हे कर्ते पडद्याआड राहतात. या दोघांनी आपली सत्ता मूर्ती करून चौकात उभी केली, म्हणजे सर्वांना ती दिसत राहावी.

२०१२ च्या मार्चमध्ये आलेला ‘जर्नी’ हा खेळ याच वाटेवरचा. जेनोव्हा चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला. वाळवंट, दूरवर प्रकाशाचे शिखर असलेला डोंगर आणि त्याच्याकडे निघालेला एक वाटसरू. वाटेत दुसरा वाटसरू भेटतो, तो जगात कुठेतरी बसलेला खराखुरा माणूस असतो. नाव कळत नाही, बोलता येत नाही, फक्त एक नाद करता येतो. चेन यांनी सांगितलेली घडणीची हकिकत उद्बोधक आहे. सुरुवातीच्या आवृत्तीत वाटसरूंना एकमेकांना ढकलता येत होते आणि मदत करण्याऐवजी लोक खुशाल ढकलत होते. तेव्हा त्यांनी धक्का देण्याची सोयच काढून टाकली. त्याऐवजी दोघे जवळ आले की दोघांच्या गळ्यातला उडण्याचे बळ देणारा पट्टा भरून निघू लागला. माणसे तीच, फक्त नियम बदलला आणि वैर सोबतीत बदलले. थंडी-वादळाच्या शेवटच्या चढावर एकमेकांना बिलगून चालणारे हे अनोळखी लोक यात्रा संपल्यावरच एकमेकांची नावे वाचू शकतात.

कलावंताने प्रतीक न देताही समूह ते घडवतो, याचे उदाहरण २०१४ चे. एका अनामिक प्रोग्रामरने ‘पोकेमॉन रेड’ हा जुना खेळ असा लावून दिला की हजारो माणसांनी पाठवलेल्या आज्ञा एकाच पात्राला लागू व्हाव्यात. १२ फेब्रुवारीला सुरू झालेला हा गोंधळ १ मार्चला शेवटास गेला. अकरा लाखांहून अधिक लोकांनी त्यात भाग घेतला. आज्ञांच्या गर्दीत पिशवीतले एक निरुपयोगी शंखाकृती जीवाश्म पुन्हा पुन्हा निवडले जाई. लोक म्हणू लागले, आपला नायक त्याचा सल्ला घेतो. काही दिवसांत ते जीवाश्म देव झाले, त्याचे भक्त आले, त्याचा विरोधक आला, खोटा प्रेषित आला, हुतात्मे आले. सुरुवात गंमत म्हणून झाली हे खरे. पण कोणाचाच ताबा नसलेल्या घटनांतून लाखो लोकांना सामायिक अर्थ लावावासा वाटला आणि त्यासाठी पुराणकथेचाच साचा हाती आला, ही गोष्ट हसण्यावारी नेण्याची नाही.

या सगळ्यातून एक निष्कर्ष मी ठामपणे मांडतो. जाळ्यावर सोबत निर्माण होते ती वेगाने किंवा चित्राच्या स्पष्टपणाने नव्हे, संयमाने. बोलणे काढून घेतले, नाव काढून घेतले, धक्का काढून घेतला, स्वतःवरची जादू काढून घेतली, तेव्हा माणसाला माणसाची गरज लागली. धर्मांनी उपास, मौन, अनवाणी चालणे ही बंधने आणली ती याच जाणिवेने. याउलट आपण रोज वापरतो ती समाजमाध्यमे सर्व काही देतात, नाव, चेहरा, मत, टाळ्या, आकडे. त्यांत गर्दी मिळते, पण संगत मिळेलच असे नाही.

२०२० च्या आषाढीचा अनुभव इथे आठवावा. कोरोनाच्या साथीमुळे पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. लाखो घरांतून विठ्ठलाचे दर्शन टीव्हीवर आणि मोबाइलवर घेतले गेले. देव दिसला. पण शेजारी चालणारा, भेटताच माउली म्हणून पाया पडणारा, ज्याच्या आपण पाया पडायचे, तो वारकरी दिसला नाही. घरी बसून दर्शन घेणाऱ्याला त्या क्षणी आणखी कोण हात जोडून बसले आहे हे कळायला मार्ग नव्हता. अंतहीन रानातली मान लववणारी हरणे नेमका हाच मार्ग शोधत होती. आपल्या मराठी कलावंतांनी आणि संगणक अभियंत्यांनी विचार करावा असा हा प्रश्न आहे. सामूहिकतेचे एवढे समृद्ध शास्त्र ज्या समाजापाशी आहे, त्याने जाळ्यावर केवळ कॅमेरा लावून थांबू नये.

एक सावधगिरीची गोष्ट. ही कला नश्वर आहे, दगडी शिल्पापेक्षा कितीतरी जास्त. टेलिगार्डन २००४ मध्ये बंद झाली. ३१ डिसेंबर २०२० रोजी ‘फ्लॅश’ या तंत्राला निर्मात्यांनी आधार देणे थांबवले आणि ‘द गॉडलव्ह म्यूझियम’सारख्या असंख्य कलाकृती साध्या ब्राउझरमध्ये उघडेनाशा झाल्या. न्यूयॉर्कच्या ‘रायझोम’ संस्थेने जाळ्यावरच्या शंभर कलाकृतींचा संग्रह करून त्यांतल्या कित्येक पुन्हा चालत्या केल्या, हे थोर काम आहे. हार्वी आणि सामिन यांनी २०१५ मध्ये व्यावसायिक खेळ करणे थांबवले, पण रान सोडले नाही. २०१६ मध्ये लोकवर्गणी काढून ते नव्या तंत्रात बांधायला घेतले. तरीही जपलेली फाइल म्हणजे जपलेली कलाकृती नव्हे. आत कोणी नसेल तर ‘वीजा २०००’चा पाट नुसता पाट आहे आणि रान नुसते झाडांचे चित्र. या कलेची देखभाल संग्रहालयाने अर्धी करायची आणि अर्धी तुम्ही-आम्ही, तिथे जाऊन.

पुढच्या पानांतले लेख याच दृष्टीने वाचावेत. वर्णन वाचून या कलाकृती कळल्या असे मानू नये. अंतहीन रान विनामूल्य आहे. ‘जर्नी’ आजही खेळता येतो. पुस्तक मिटल्यावर एक संध्याकाळ काढा, आत जा, काही मिळवण्याची घाई करू नका आणि समोर कोणी आले तर आधी तुम्ही मान लववा. नंतर या पुस्तकाशी वाद घाला. तो वाद मला हवा आहे, कारण आत जाऊन आलेल्या वाचकाचे मत कुठल्याही प्रस्तावनेपेक्षा अधिक खरे असेल.